पाच पेंढ्या कडबा

चतुराबाईला गर्व होता. ती काही तो लपवून ठेवत नव्हती, उलट जरा जास्तच मिरवायची. निलंग्याच्या अलीकडच्या तिच्या गावात, एवढ्या थोरल्या शिवारात, ज्वारी पेरणारं आता तिचं एकटीचं रान उरलं होतं. लोकांनी आधी सोयाबीन धरलं, मग हात जरा ओले झाल्यावर ऊस. गेल्या साली आणखी चार-दोन घरं ज्वारी करीत होती. यंदा पाऊस धो-धो पडला, विहिरी काठोकाठ भरल्या, आणि त्यांनीही बैल-कडबा विकून उसाचं बेणं टाकलं. राहिली चतुराबाई, तिचं तीन एकर काळं रान आणि तिची देवणी बैलजोडी.

हे तिघं एकमेकांच्या गळ्यात गळा घालून जगत होते. रानाच्या चारी अंगांनी ऊस उभा. ट्रॅक्टर आत यायला वाट नाही. बांधावरून जायचे ते बैलच. म्हणजे बैल तर ज्वारी. ज्वारी तर कडबा. आणि कडबा तर पुन्हा बैल. यातलं एक सुटलं की तिन्ही गेलं, हे चतुराबाई जाणून होती आणि तिचा ल्योक दयानंदही जाणून होता. फरक एवढाच की ती त्या दिवसाला भीत होती आणि तो त्याच दिवसाची वाट बघत होता.

पोरगा वाईट नव्हता हो, बेजार झालेला होता. अख्ख्या शिवारात ज्वारीचं एकच रान म्हटल्यावर पाखरं जाणार कुठं? पूर्वी सगळीकडं कणसं असायची, पाखरंही वाटून खायची. आता निलंग्यापासूनचं झाडून सगळं पाखरू चतुराबाईच्या रानात जेवायला. शिवाय उसात दडलेली डुकरं होतीच. सुगीभर ही बाई माळ्यावर उभी, हातात गोफण, आणि नुसता घसा फोडून ओरडणं. कुणाच्या लग्नाला नाही की मातीला नाही. दयानंद म्हणायचा, हे रान नव्हं माय, जेल हाय. ती म्हणायची, असू दे, माझ्या घरचा जेल हाय. बोलायला काय, बोलायची. पण खांदा दुखायला लागला की तिलाही तसंच वाटायचं.

आता येळवशीचं सांगतो. लातूरकडं मार्गशीर्षातली अमावास्या म्हणजे येळवस. त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा थांबत नाही, सगळे रानात. पाच दगड चुन्यानं रंगवून त्यांचे पांडव मांडायचे, त्यांच्यावर कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, भज्जी-आंबील खायची. पुण्या-मुंबईला गेलेली पोरं दिवाळीला एखाद्या वेळी चुकतील, येळवशीला चुकत नाहीत. ऊस लावला म्हणून कुणी येळवस सोडलेली नाही. सोडला तो फक्त कडबा.

येळवशीच्या आधी बाया आडावर जमल्या होत्या. यंदा कोपीला कडबा कुठून आणावा, अशी कुरकुर चालली होती. कुणीतरी म्हणालं, बांबूवर ताडपत्री टाकू. चतुराबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. पांडवांच्या डोक्यावर ताडपत्री! घागर खाली ठेवून ती सगळ्यांच्या देखत म्हणाली,

"मी हाय तवर पांडव ताडपत्रीखाली बसायचे न्हाईत. ज्याला लागतात त्यानं पाच पेंढ्या न्याव्या माझ्या दारातून. चतुरी न्हाई म्हणायची न्हाई."

झालं! जिभेला हाड नसतं म्हणतात ते काही खोटं नाही. तिच्या मनात होतं, चार-पाच घरं येतील. तिच्या सासूच्या काळापासून त्या घराची रीत होती की पांडवांच्या कोपीला मागितलेला कडबा नाकारायचा नाही. पण सासूच्या काळी मागायला यायचं कोण? ज्याच्या-त्याच्या दारात गंजी होती. सासूला ती रीत फुकटात पडली होती, सुनेला बैलांच्या तोंडातून काढून द्यावी लागणार होती.

पहिला आला पंढरी. त्याचा ऊस चतुराबाईच्या बांधाला लागून. त्याच्यामागं भावकी आली. मग वरच्या आळीतली, मग खालच्या आळीतली. मग शहरातून आलेली पोरं मोटारी घेऊन आली आणि टपावर पेंढ्या बांधून फोटो काढत गेली. एकानं पाचच्या जागी दहा उचलल्या, म्हणाला दोन भावांच्या दोन कोपी आहेत. सून आरती दारातून खुणावत होती, आता बास म्हणा. चतुराबाईला दिसत नव्हतं असं नाही. गंजी वरून बसत बसत गोठ्याच्या भिंतीएवढी झाली, मग गुडघ्याएवढी. पण शब्द गेला होता. येणारा हात जोडून म्हणायचा, "काकू, तुमच्यामुळं येळवस झाली बघा," आणि ही हसून म्हणायची, "न्या की."

येळवस थाटात झाली. रात्री दयानंद गोठ्यात जाऊन उरलेल्या पेंढ्या मोजून आला. ज्वारी निघायला अजून दोन-अडीच महिने होते. उरलेला कडबा पंधरा दिवसांचासुद्धा नव्हता. विकत आणावा तर कर्नाटकातून, आणि कडब्यापरीस गाडीभाडं जड. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.

दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आधी चतुराबाईनं गाडी जुंपली आणि ती कोपी मोडून पेंढ्या परत आणायला निघाली. दिलेलं परत घ्यायचं, तेही देवाच्या डोक्यावरून. कुणी बघू नये म्हणून तिनं बैलांच्या गळ्यातल्या घंटा काढल्या. जिंदगीत तिला एवढी लाज कधी वाटली नव्हती. बऱ्याच कोपी संध्याकाळी शेवटी काडी लावून पोरांनी पेटवल्या होत्या, त्यांची राख तेवढी होती. पंढरीची कोप उभी होती, पण पंपाला वीज रात्रीची म्हणून त्यानं रात्रीच उसाला पाणी सोडलं होतं. पेंढ्या चिखलात बसून काळ्या पडल्या होत्या. ती एकेक उपसून निथळत होती तेवढ्यात मागून पंढरी आला.

त्यानं एका नजरेत सगळं ओळखलं. हसला नाही बिचारा. म्हणाला, "काकू, ठेवा ते. तोड चालू हाय माझ्या उसाची. वाढं हवं तितकं न्या बैलाला. तुम्ही आमची इज्जत राखली, मी काय बैलं उपाशी मरू देतो व्हय?"

चतुराबाईच्या डोळ्याला पाणी आलं. तिनं गाडीभर वाढं आणलं. उसाचे हिरवे, गोडसर शेंडे. बैलांनी मान वर काढली नाही. रोज एक गाडी. पंधरा दिवसांनी तिनं मधेच उरलेला कडबा टाकून बघितला, तर थोरल्या बैलानं हुंगून तोंड फिरवलं. अरे मेल्या, ती म्हणाली, तुझ्यासाठी मी पाखरं हाकत राहिले. बैलाला त्याचं काय! आरती हसली आणि मग सासूचं तोंड बघून गप झाली.

आणि मग एका सकाळी पंढरी दारात येऊन बसला. चहा घेतला. त्याच्या पलीकडच्या तुकड्यात नवा ऊस लावायचा होता, आणि पाट काढायचा तर चतुराबाईच्या रानातूनच निघत होता. हे त्यानं यापूर्वीही तीनदा मागितलं होतं. काळ्या रानात पाट नेला की पाझर लागतो, ज्वारीची मुळं सडतात, म्हणून तिनं तिन्हीदा तोंडावर नाही म्हटलं होतं. पंढरीनं वाढ्याचं नावसुद्धा काढलं नाही. तसा तो भला माणूस. कप खाली ठेवत एवढंच म्हणाला, "बघा काकू, जमतंय का."

गोठ्यात बैल त्याचंच वाढं खात होते. चतुराबाई त्या आवाजाकडं कान देऊन बसली. आडावर सगळ्या गावापुढं चाललेली तिची जीभ आता नाही म्हणायला वळेना. "काढ," ती म्हणाली.

पाट निघाला. ज्वारी दाण्यात आली होती, कणसं जड झाली होती. रातंदिस पाझर चालू. आधी कडेची ताटं पिवळी पडली. मग एका दुपारी वारं सुटलं आणि ओल्या रानातलं पीक मुळासकट आडवं झालं. पाखरांना माळ्याकडं बघायचीही गरज उरली नाही. चतुराबाईनं गोफणीत दगड घातला, आणि मारायचा कशाला, म्हणून तसाच टाकून दिला.

दयानंद बांधावर येऊन उभा राहिला. वर्षानुवर्षं ज्याची वाट बघितली ते समोर आडवं पडलं होतं, पण त्याला आनंद झालेला दिसेना. तो वाकून एक कणीस उचलू लागला.

"राहू दे," चतुराबाई म्हणाली. "पाणी आलंच हाय रानात. बेणं बघ उसाचं."

त्यानं कणीस खाली टाकलं. मग त्यानं विचारलं, "अन् बैलं?"

उसाला बैल लागत नाहीत, हे दोघांनाही ठाऊक होतं. पंढरीच्या उसाची तोड सरत आली होती, तिकडून ट्रॅक्टरला वाट झाली होती, वाढंही आता चार दिवसांचंच. चतुराबाईनं माळ्यावरची घोंगडी काढली, झटकली आणि खांद्यावर घेतली.

"येत्या बैलबाजाराच्या दिवशी मी भैनीकडं जाते उमरीला," ती म्हणाली. "मी येयाच्या आत आटप."