चाळीस पावलांवरची बायको

निरगुडसरला आमच्या भावकीत अकरा घरं. नवरात्रात अष्टमीला देवीपुढच्या होमाला दर वर्षी एका घरचं जोडपं बसतं, म्हणजे एका घराला हा मान मिळायला अकरा वर्षं लागतात. माझी चुलती बयाबाई लग्न होऊन आली त्याला तेहतीस वर्षं झाली. पहिला मान सासऱ्याच्या सुतकात गेला, दुसरा सासूच्या. यंदाचा तिसरा. पुढच्या वेळेपर्यंत कोण राहतंय, असं ती स्वतःच म्हणायची.

कांद्याच्या लागणीत तिचा हात कुणी धरू शकत नाही. गावात लग्न असो की दहावं, आमटीच्या कढईपाशी काकीच लागते. नाही म्हणायला ती शिकलीच नाही, आणि याचाच मला राग येतो.

यंदा तिने आठ दिवस एकवेळ भगर खाऊन काढले. विटा रचून होमाचं कुंड केलं, सारवलं, आंब्याच्या काटक्या मोडून ठेवल्या. हिरवं लुगडं नेसून पहाटेपासून तयार. तेवढ्यात तिचे यजमान, चांगदेवकाका, म्हणाले, "भटजी येस्तवर आमटी तेवढी बघून ये. बायांना तिखटाचा अंदाज न्हाई."

गेली बिचारी.

भटजींना पुढे पेठला दुसरा होम होता. ते आले ते घाईतच.

"यजमानीण कुठंय?"

"सैपाकात हाय," काका म्हणाले.

"मग सुपारी घ्या."

बायको नसली की तिच्या जागी सुपारी कनवटीला खोचून नवऱ्याने बसायचं, अशी सोय आहे. वारलेल्या नाहीतर परगावी गेलेल्या बायकोसाठी! माझी काकी चाळीस पावलांवर होती. एकाच्याही तोंडून हाक निघाली नाही. मी नळावर भांडी घासत होते, हे सगळं मला मागून कळलं, नाहीतर तिथेच तमाशा केला असता.

शंख वाजला तशी ती पदराला हात पुसत धावली, तिच्यामागे मीही. पूर्णाहुतीचा नारळ आगीत पडला होता, तुपाने जाळ माणसाएवढा उठला होता. काका पाटावर, शेजारचा पाट रिकामा.

"आवं, मला एक हाक न्हाई मारली?"

"सुपारी लावली व्हती की. एकच असतंय."

एकच असतंय! मला काकांच्या तोंडावर काहीतरी फेकून मारावंसं वाटलं.

थोड्या वेळाने पंगत बसली. दीडशे माणसं, पत्रावळ्या मांडलेल्या, आणि आमटीची बादली जागची हलेना. काकी कुंडासमोरच्या त्या रिकाम्या पाटावर जाऊन बसली होती. काका तणतणत आले.

"अगं, माणसं खोळंबल्यात. वाढायला ऊठ."

तिने वर पाहिलंसुद्धा नाही.

"सुपारीला सांगा," ती म्हणाली, आणि मूठभर तीळ आगीत टाकले.