भिंतीची ऊब

निम्मी भांडी परत करून झाली आणि डेल्माच्या गुडघ्यांनी कुरकुर सुरू केली. अलाबामातला ऑगस्ट, त्यात डांबरी रस्ता, सावलीचं नाव नाही.

"व्हर्ना, भांडी दोन दिवस उशिरा गेली म्हणून कुणी स्वर्गाचं दार लावून घेत नाही."

"तू म्हातारी झालीस, एवढंच," व्हर्ना म्हणाली. "मयताच्या घरी आलेलं भांडं महिनाभर ठेवून घेतलं तर लोक काय म्हणतील?"

व्हर्नाचा नवरा हर्शेल गेला तेव्हा चर्चमधल्या बायकांनी जेवण धाडलं होतं. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर नाव. व्हर्नानं रिकामं एकही परत केलं नाही. प्रत्येकात परसातले चार टोमॅटो घातले होते. गाडी हर्शेलच चालवायचा, म्हणून आता पायपीट.

शेवटचं भांडं कोय हॅगुडच्या घरचं. कोयनं जन्मभर विजेची कामं केलेली. त्यानं टोमॅटो घेतले, पण व्हर्नाला दारातून हलू दिलं नाही.

"व्हर्नाबाई, एसी बंद आहे ना?"

"बंदच आहे."

"मागच्या आठवड्यात सांगितलं तेच पुन्हा सांगतो. तार बारीक आहे आणि वीज तोडणारा ब्रेकर दुपटीचा बसवलाय. तार जळायला आली तरी तो पडायचा नाही. घरमालकाशी बोललोय मी. कुरकुरला, पण शनिवारी तार बदलू देतोय. तोवर हात लावायचा नाही. पत्र्याचं ट्रेलर-घर पेटलं तर दारापर्यंत यायलाही वेळ मिळत नाही."

व्हर्नानं मान डोलावली.

परतीच्या वाटेवर डेल्मा मनात तेच घोळवत होती. तो ब्रेकर कुणी बसवला हे साऱ्या चर्चला ठाऊक होतं. जुना ब्रेकर पडून एसी सारखा बंद व्हायचा, व्हर्नाला उकाड्यानं घेरी यायची, मालकाच्या नावानं बोटं मोडत हर्शेलनं स्वतःच मोठा ब्रेकर आणून बसवला, आणि चर्चच्या जेवणावळीत सांगत सुटला, "आता बघा, पडतो का ते." सगळ्यांनी त्याची पाठ थोपटली होती. डेल्मानंही.

"सकाळी तुला बोलवायला आले," अखेर ती म्हणाली, "तेव्हा मागचं एसीचं यंत्र घरघरत होतं. कोयच्या तोंडावर खोटं बोललीस. दीडशहाणी कुठली."

व्हर्ना चालत राहिली. ट्रेलरांची पहिली रांग दिसू लागली तशी तिची पावलं मंदावली.

"उकाड्यासाठी नाही लावत मी तो. उकाडा मी सोसला असता."

"मग?"

"हर्शेलची बाजू भिंतीकडची. शेवटी शेवटी त्याला फार थंडी वाजायची, आणि मला तर एसीशिवाय राहवत नसे. तो म्हणायचा, राहू दे चालू, इथली भिंत उबदार आहे. पाठ टेकून निजायचा. त्या भिंतीतच ती तार आहे, डेल्मा. कोयनं सांगितलं तेव्हा कळलं मला."

डेल्मानं तिचा दंड धरला.

"आता मी त्याच्या जागेवर निजते," व्हर्ना म्हणाली. "एसी लावला की घटकाभरानं भिंत तापते. हात ठेवते. माणूस नुकता उठून गेल्यासारखी लागते."

डेल्माच्या ओठांवर बायबलमधलं वचन आलं होतं. तिनं ते गिळलं आणि मनात नुसतंच म्हटलं, देवा, हिला सांभाळ.

"माझ्याकडे ये निजायला. शनिवारपर्यंत."

"येईन."

व्हर्नाच्या ट्रेलरमागून घरघर ऐकू येत होती. दोघी पायरीपाशी थांबल्या. व्हर्नानं किल्ली काढली, पण दार उघडलं नाही. किल्ली डेल्माच्या हातात ठेवून ती पायरीवर बसली.

"बंद करायला रोज रात्री त्या ब्रेकरच्या डब्यापर्यंत जाते," ती म्हणाली. "त्याच्या हातचं शेवटचं काम आहे ते. माझ्यानं हात उचलवत नाही."

"मी पाडते ब्रेकर. त्यात काय."

"पाड. पण लगेच बाहेर येऊ नकोस. त्याच्या बाजूला बस, भिंतीला हात लावून. पुरती गार होईपर्यंत थांबशील?"