वहिनींनी मोकळं ठेवलेलं कडवं

माझ्या पुतणीचा, सुजाताचा फोन आला तेव्हा मी वर्तमानपत्र वाचत होतो. "काका, आई गेली..." एवढंच ती बोलली. फोन ठेवल्यावर मनात पहिला विचार आला तो असा, की आता वहिनींचं ते कुजबुजतं बोलणंही नाही. आधी त्यांचं गाणं गेलं, मग बोलणं गेलं आणि आता त्या गेल्या. याला काही आठवडे झाले. लिहायला बसतो आणि थांबतो, असं करत करत हे लिहितो आहे.

प्रमिलावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. एका शाळेच्या कार्यालयात त्यांनी कारकुनी केली, पण आमच्या कॉलनीत त्यांची ओळख पाळण्यामुळे होती. विहारात कुणाच्याही बाळाचं नामकरण असलं, की त्रिशरण-पंचशील झाल्यावर सगळ्यांच्या माना वहिनींकडे वळायच्या. पदर खोचून त्या पाळण्याच्या दोरीला हात लावत आणि सुरू करत. पाळणा त्यांनीच रचलेला. दर कडव्याला बाळाचं नाव गुंफायचं आणि बाकीच्या बायकांनी मागून म्हणायचं. मी भिंतीशी कुठेतरी पुस्तक धरून बसलेला असे. "भाऊजी, बाळाला तरी बघा हो! त्या पुस्तकातलं काही परीक्षेला येणार नाही," असं त्या सगळ्यांदेखत म्हणत आणि बायका हसत.

निवृत्तीनंतर लेकीनं त्यांना स्मार्टफोन घेऊन दिला. आम्हाला वाटलं, फोटो बघतील, निरोप पाठवतील. वहिनी त्यात गाणी ऐकू लागल्या. कुठल्या कुठल्या गावांतल्या बायकांनी विहारात, अंगणात, लग्नमांडवात म्हटलेले पाळणे त्यांनी शोधून काढले. विहारात नेटवर्क येत नाही म्हणून घरूनच फोनमध्ये उतरवून न्यायला शिकल्या. ऐकून नुसत्या गप्प बसत नसत, खाली अभिप्रायही लिहीत. "ताई, आवाज गोड आहे. दुसऱ्या कडव्यात घाई झाली. बाळ कुठे पळून जात नाही." आश्चर्य म्हणजे अनोळखी बायका त्यांना उत्तरं देत, कुणी पुन्हा म्हणूनही पाठवत.

मग गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन करावंच लागेल, आवाज पूर्वीसारखा राहील याची खात्री देता येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. दादा रडवेला झाला. वहिनींनी एकच विचारलं, "सुजाताच्या बाळाचा पाळणा कोण म्हणणार?" सुजाताला तेव्हा दिवस गेले होते.

माझ्या कॉम्प्युटरवर आम्ही एक फुकटचं संकेतस्थळ शोधलं. त्यात वेगवेगळे आवाज एकाखाली एक ठेवून गाणं जुळवता येतं. प्रत्येक आवाजाची रंगीत पट्टी दिसते. वहिनींनी चष्मा सारखा केला आणि म्हणाल्या, "हा तर हजेरीपट आहे. प्रत्येकीची एक ओळ." त्यांनी तानपुरा लावला, ढोलकीचा ठेका निवडला आणि नावाच्या जागी नुसतं 'बाळा' घालून पाळणा म्हटला. तो मागून म्हणणाऱ्या बायकांना फोनवरून पाठवला आणि बजावलं, कानात हेडफोन घालून ऐका आणि सोबत फक्त तुमचा आवाज भरून पाठवा. पण सगळ्यांनी वहिनींचा पाळणा मोठ्यानं लावला आणि त्याच्याबरोबर म्हटलं. प्रत्येकीच्या आवाजात वहिनी शिरल्या. सगळ्या पट्ट्या जोडल्यावर ऐकू आल्या त्या एकामागून एक धावणाऱ्या कितीतरी वहिनी!

त्यांच्यापैकी लासलगावला राहायला गेलेल्या मंदाबाईंना वहिनींनी फोन लावला. "मंदा, हेडफोन कुठंय तुझा?"

"हाय ना. पोराचा घातला व्हता. पण कानात तू आन् बाहेर मी एकटी... लय भ्या वाटलं. घरात तू वाजली का मंग माझा गळा उघडतो."

"अगं, मी नसले की काय करशील?"

"तवाचं तवा बघू. तू आधी बरी हो."

वहिनी हसल्या. शेवटी फक्त त्यांच्याच आवाजातला पाळणा पक्का केला आणि त्या दवाखान्यात दाखल झाल्या.

आवाज गेलाच. उरली ती कुजबुज, तीही जवळ कान नेला तर कळणारी. सुजाताच्या सासरी, कळवणला, नातीचं नामकरण झालं. मोठ्या स्पीकरवर वहिनींचा पाळणा लागला. काय आवाज होता तो! मी डोळे पुसले. बायका हात जोडून उभ्या राहिल्या, काहींनी मोबाइलवर चित्रण केलं, शेवटी टाळ्या झाल्या. मला वाटलं, वहिनींच्या मनासारखं झालं. परतीच्या गाडीत त्या माझ्या कानाशी आल्या. "भाऊजी, पाळणा सगळ्यांनी ऐकला. म्हटला कुणीच नाही."

त्यानंतर त्या रोज दुपारी माझ्याकडे येऊ लागल्या. तोच पाळणा उघडून त्यातला स्वतःचा आवाज कमी करत. पहिल्या कडव्यात पूर्ण, दुसऱ्यात थोडा उतरलेला, तिसऱ्यात शेजारच्या खोलीतून आल्यासारखा. शेवटच्या कडव्यात तानपुरा आणि ढोलकीच. मला ते बघवेना. मी म्हणालो, "वहिनी, एवढा सुंदर आवाज, आणि आपल्याच हातानं..." त्यांनी माझ्या हातात पुस्तक दिलं. "मूळ पाळणा पेनड्राइव्हवर ठेवलाय ना तुमच्या कपाटात, तो तुम्ही ऐका. हा कामाचा आहे." मग मी शेजारी वाचत बसे आणि त्या हेडफोन घालून एकट्या काम करत.

तो पाळणा त्यांनी कुणालाही उतरवून घेता येईल असा इंटरनेटवर ठेवला. थोड्या दिवसांनी कुणीतरी खाली लिहिलं, "शेवटी आवाज येत नाही, फाइल खराब आहे." वहिनींनी एकेक अक्षर शोधत उत्तर टाकलं, "फाइल चांगली आहे. शेवटचं कडवं तुमचं."

पुढे दुखणं उलटलं. शेवटच्या महिन्यांत त्या क्वचितच कुजबुजत, पण कुठल्या गावच्या बायकांनी हा पाळणा म्हणून पाठवला की फोन माझ्यापुढे धरत आणि बोट वर करून मला गप्प राहायला सांगत. मी तसा गप्पच असे...

मागच्या रविवारी विहारात एका मुलीचं नामकरण होतं. पाळण्याशेजारी फोन ठेवला आणि वहिनी सुरू झाल्या. पहिल्या कडव्याला बायका नुसत्या ऐकत होत्या, कुणी पदर डोळ्याला लावत होतं. दुसऱ्याला मागून म्हणू लागल्या. तिसऱ्याला वहिनींचा आवाज त्यांच्या आवाजाखाली गेला. शेवटचं कडवं आलं. आता या बायका थांबणार, असं वाटलं. पण सगळ्यांनी एकदम श्वास घेतला आणि एकदम उचललं. मंदाबाई मुद्दाम लासलगावहून आल्या होत्या. त्यांचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

एकही बाई पुढेमागे झाली नाही, याचं मला नवल वाटत राहिलं. इशारा तर कुणीच दिला नव्हता. घरी येऊन मी कॉम्प्युटरवर वहिनींचं काम उघडलं. शेवटच्या कडव्यात वहिनींची पट्टी कोरी असेल अशी माझी समजूत होती. ती कोरी नाही. शब्द सगळे कापलेले आहेत, पण प्रत्येक ओळीच्या आधी एक बारीकसा तुकडा ठेवलेला आहे. हेडफोन घालून ऐकलं. ओळ सुरू करण्यापूर्वी त्या घ्यायच्या तो श्वास. तिसऱ्या ओळीआधीचा तर त्यांनी थोडा मोठा करून ठेवला आहे. ती ओळ वर चढते, बायकांना तिथे दम कमी पडतो.