चढाची बाजू, उताराची बाजू

मी लिहिलेलं वाचून दाखवायला लागले की काकी उठून चालायला लागायच्या. दोन्ही हात पुढे, मुठी वळलेल्या, रिक्षाचं हँडल धरल्यासारख्या. पडवीतून खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, तिथे वाळत घातलेल्या आमसुलांना वळसा घालून थेट फाटकापर्यंत. तिथे पोचल्या की मान मागे वळवून म्हणायच्या, "गेली गो रिक्षा." म्हणजे माझं वाक्य अजून संपलेलं नव्हतं आणि ऐकणारा बिचारा आपल्या दारात आ वासून उभा राहिला होता.

त्या काळात तुम्ही रत्नागिरीत असाल तर काकींचा चेहरा तुम्हाला ठाऊक नसेल, पण आवाज नक्की ठाऊक असेल. साड्यांचा सेल, मोतीबिंदूचं शिबिर, शिवणक्लास, हरवलेला बोकड, सगळं रिक्षावर बांधलेल्या कर्ण्यातून त्यांच्याच आवाजात गावभर फिरायचं. धंदा मूळचा त्यांच्या यजमानांचा. ते गेल्यावर नातेवाईक म्हणाले, कर्णे विकून टाका. काकींनी त्याऐवजी माईक हातात घेतला. गंमत म्हणजे घरात त्या इतक्या हळू बोलायच्या की चहात साखर हवी का हे विचारलेलंही ऐकू येत नसे. माईक दिसला की त्याच बाईच्या गळ्यातून असा आवाज निघायचा की समोरच्या माडावरचा कावळा उडून जायचा.

तो कावळा ही त्यांची मोठी अडचण होती. नेमका ध्वनिमुद्रणाच्या वेळी तो ओरडायचा. म्हणून काकी गोधडी डोक्यावरून घेऊन, आत माईक आणि विजेरी घेऊन मुद्रण करायच्या. ऐन मे महिन्यातसुद्धा. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, कोणीतरी आजारी माणूस अंथरुणात बसून लग्नाचे बस्ते विकतंय. मजकूर संपला की घामाने निथळत बाहेर यायच्या आणि विचारायच्या, "कुकरची शिट्टी आली काय गो मध्ये?" बहुतेक वेळा आलेली असायची. एकदा ती तशीच राहिली आणि भांड्यांच्या दुकानदाराने खास आभार मानले, शिट्टीची कल्पना छान होती म्हणून.

१९९८ साली मी बी.ए. होऊन घरी बसले होते. मराठीत पहिला वर्ग, कॉलेजच्या अंकात दोन ललित लेख, आणि आपण लेखिका व्हायचं हा विचार. तो मी कोणाला सांगितला नव्हता, कारण सांगितला की लोक "काय लिहितेस?" असं विचारतात. बाबा कचेरीत कारकून. 'सविनय सादर'पासून 'आपला विश्वासू'पर्यंतचं लेखन त्यांना मान्य होतं, त्यापलीकडचं नव्हतं. शेजारच्या आळीतल्या काकींना मजकूर लिहिणारं कोणीतरी हवंय असं कळलं तेव्हा ते म्हणाले, "शिमग्यापर्यंत काय ते करून बघ. नाही जमलं तर डी.एड.चा अर्ज भरायचा." मला चार पोरांसमोर उभं राहायचं म्हटलं तरी घाम फुटायचा. त्यामुळे हे जमणं भागच होतं.

माझा पहिला मजकूर साड्यांच्या सेलचा. दोन दिवस खपून लिहिला होता. मी सुरू केलं, "श्रावणसरींनी न्हालेल्या धरित्रीने हिरवा शालू पांघरावा, तद्वत् या रत्ननगरीतील तमाम सुवासिनींनी..." काकी निघाल्या. फाटकाशी पोचल्या, फाटक उघडून रस्त्यावर गेल्या, शेजारणीकडून कोथिंबीर घेऊन परत आल्या. मी अजून सुवासिनींपाशीच होते.

"दुकान कुठे आहे गो?"

"पुढे येतंय, काकी."

"पुढे रिक्षा गेली. दुकान ऱ्हायलं मागे."

मी रडकुंडीला आले. काकींनी माझ्यापुढे पन्ह्याचा पेला ठेवला आणि म्हणाल्या, "वाईट नाय लिहिलंस. फक्त माणसाला एवढं ऐकायला उभं करायचं तर त्याला खुर्ची द्यायला हवी."

हा नाद त्यांना चोवीस तास होता. शेजारच्या दोन जावा कुंपणाशी भांडत होत्या, तेव्हा काकी खिडकीतून थोरलीला म्हणाल्या, "वहिनी, तुमचं वाक्य फार लांब झालं, तेवढ्यात ती आत निघून गेली." थोरलीने दुसऱ्या दिवशी आटोपशीर वाक्यांत भांडण केलं आणि जिंकलं. तेव्हापासून ती काकींना गणपतीत न चुकता मोदक पाठवायची.

पण काकींची खरी विद्या होती ती चढ-उताराची. आमचं गाव तुम्हाला माहीतच आहे, सपाट रस्ता शोधावा लागतो. बाजारातून माळनाक्याकडे रिक्षा चढायला लागली की इंजिन असं कण्हायचं की कर्ण्यातलं निम्मं त्यातच बुडायचं. उतरताना मात्र आमचा रिक्षावाला दादू पेट्रोल वाचवायला इंजिन बंदच करायचा. मग रिक्षा नुसती घरंगळत यायची आणि शब्द न् शब्द ऐकू यायचा. म्हणून काकींच्या कॅसेटला दोन बाजू असायच्या. एक चढाची, एक उताराची. चढाला दोन-तीन शब्दांची ठसठशीत वाक्यं, उताराला जरा निवांत मजकूर. वर मारुती मंदिराशी पोचलं की दादू कॅसेट उलटी करायचा.

"आणि पत्ता दोन्ही बाजूंना," काकी बजावायच्या.

आणखी एक नियम होता, तो मला सगळ्यात जाचक वाटायचा. ज्याने लिहिलं त्याने रिक्षात बसायचं. आपलं वाक्य ऐकताना लोक काय करतात ते आपल्या डोळ्यांनी बघायचं. पहिल्या फेरीला मी ओढणीने तोंड झाकून, गुडघ्यात मान घालून मागच्या सीटवर बसले. थोड्या वेळाने दादूने रिक्षा थांबवली.

"ताई, अशा बसू नका. लोकांना वाटतंय पेशंट घेऊन चाललोय."

खरंच होतं ते. लोक बाजूला होऊन वाट देत होते. एका आजोबांनी तर आत वाकून विचारलं, "काय झालं हो पोरीला?" वर कर्ण्यातून सेलच्या साड्यांचे रंग चालू होते.

काकींना हे कळलं तेव्हा त्या पोट धरून हसल्या, आवाज न करता. मग म्हणाल्या, "लाजायचं असेल तर लिहायच्या आधी काय ते लाजून घे. एकदा कर्ण्यात गेलं की ते तुझंच. लोकांना तोंड दिसूं दे."

मला ते जमेना. लिहिणं हळूहळू सुधारत होतं, मी फाटकाच्या आत वाक्य संपवायला शिकले होते, पण ओढणी काही तोंडावरून हलत नव्हती. त्यातून आमचा रस्ता जयस्तंभावरून जायचा आणि तिथेच बाबांची कचेरी. शिमगा जवळ येत चालला होता.

अशात आमच्या बाजूच्या हौशी मंडळींनी नाटक बसवलं. विधवा आई, परागंदा मुलगा, असं जोरदार रडारडीचं. जाहिरातीचं काम आमच्याकडे आलं आणि काकी म्हणाल्या, "ह्या वेळी सगळं तू लिही. मी फक्त वाचते." मला आभाळ ठेंगणं झालं. चढाच्या बाजूला मी त्या आईचं दुःख लिहिलं, लहान लहान वाक्यांत. "मुलगा गेला. दार उघडं राहिलं. आई वाट बघते आहे." उताराच्या बाजूला नाटकाचं नाव, वेळ, जागा सगळं व्यवस्थित. पत्ता दोन्हीकडे घालावा असं काही माझ्या मनाने घेईना. आईच्या दुःखानंतर लगेच 'बाजारामागच्या शाळेचं पटांगण' हे मला फार ओबडधोबड वाटलं. काकींनी गोधडीत शिरायच्या आधी कागदावरून नजर फिरवली, माझ्याकडे बघितलं आणि आत गेल्या.

प्रयोगाच्या दिवशी मी पोट दुखतंय सांगून रिक्षात बसले नाही. दादू एकटाच गेला. बाजारातल्या सगळ्या आळ्यांतून आईचं दुःख वाजवत तो चढ चढून मारुती मंदिराशी पोचला आणि तिथे त्याला देवरुखहून आलेले सासू-सासरे भेटले. सोबत दोन गोणी, एक फणस आणि एक कोंबडी. त्याने त्यांना नाचणे गावातल्या आपल्या घरी सोडलं, सासूने आग्रह करकरून जेवायला घातलं, आणि दादू झोपला. कॅसेटची दुसरी बाजू वाजलीच नाही.

संध्याकाळी नाटकाचे दिग्दर्शक धावत पडवीत आले. अर्धी मिशी चिकटवलेली, अर्धी हातात.

"काकी, सगळा गाव हळहळतोय! बाजारात बायका डोळे पुसतायत. लोक रडायला एका पायावर तयार आहेत, पण रडायला कुठे जायचं ते कोणालाच ठाऊक नाही!"

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. काकी मला ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी खुंटीवरची पिशवी घेतली, दादूला त्याच्या घरून आणायला माणूस पाठवला आणि माझ्या हातात माईक दिला.

"मुद्रण करायला वेळ नाय. तोंडानेच सांगायचं."

"काकी, तुम्ही सांगा ना."

"वाक्य तुझं ऱ्हायलंय. माझं नाय."

त्या माझ्या शेजारी रिक्षात बसल्या. माईक हातात असल्यामुळे ओढणी धरायला हात मोकळा नव्हता. पहिली दोन-तीन वळणं मी काय बोलले ते देव जाणे. काकी पुढे बघत बसल्या होत्या. मग जयस्तंभ आला. कचेरी सुटली होती आणि बाबा हातात पिशवी घेऊन सहकाऱ्यांबरोबर उभे होते. त्यांनी मला बघितलं. मी त्यांना बघितलं. दादूने नेमकं तिथेच इंजिन बंद केलं.

"आज रात्री नऊ वाजता नाटक आहे," मी म्हटलं. माझा आवाज कर्ण्यातून निघून समोरच्या भिंतीवर आपटून परत आला. "बाजारामागच्या शाळेच्या पटांगणात. पुन्हा सांगते, शाळेच्या पटांगणात. नाटक रडवणारं आहे. एकच रुमाल पुरणार नाही, दुसरा घेऊन या."

दुसऱ्या रुमालाचं कागदावर नव्हतं, ते तोंडातून निघून गेलं. बाबांच्या शेजारचे गृहस्थ मोठ्याने हसले. बाबा हसले नाहीत. रिक्षा पुढे गेली. काकी म्हणाल्या, "आता मांडवीकडे घे रे दादू."

पटांगण भरलं होतं. बाबाही आले होते, मागे उभे राहिले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळीला जाता जाता त्यांनी विचारलं, "ते रुमालाचं आधीच लिहिलेलं होतं?"

"नाही. आयत्या वेळी सुचलं."

"बरं होतं," म्हणाले आणि न्हाणीघरात गेले. मी मोरीशी भांडी घासता घासता रडले, अगदी मनापासून. शिमगा आला, होळ्या पेटल्या, पालख्या नाचल्या. डी.एड.चं नाव घरात कोणी काढलं नाही.

पुढची सात-आठ वर्षं मी काकींकडे लिहिलं. मग रेडिओसाठी, मग मुंबईच्या एका जाहिरात कंपनीसाठी घरी बसून. आज माझं घर लिहिण्यावर चालतं. पण काकींनी मला कधी 'छान' म्हटलं नाही. त्या नाटकानंतर त्यांचा हात फिरला नाही असा माझा एकही कागद नव्हता. एक सोडून.

पाणी बंद राहणार असलं की गावात सांगायचं काम आमच्याकडे असायचं. दर वेळी नवी कॅसेट, नवा वार, नवी तारीख. काकी म्हणाल्या, असं काहीतरी लिही की एकदाच मुद्रण केलं की झालं. मी बसले आणि लिहिलं, "उद्या पाणी येणार नाही. आजच भरून ठेवा. उद्या पाणी येणार नाही." काकींनी कागद हातात घेतला. जागच्या हलल्या नाहीत. म्हणाल्या, "ह्यात काय बदलायचं?" आणि गोधडी शोधायला लागल्या.

मग मोबाइल आले, दुकानदार मेसेज पाठवायला लागले, कर्ण्यावरही बंधनं आली. काकींचा घसाही बसायला लागला होता. मुलगा येऊन त्यांना डोंबिवलीला घेऊन गेला. रिक्षा, कर्णा आणि कॅसेटींचा खोका दादूने ठेवून घेतला. काकी फोनवर म्हणायच्या, "चवथ्या मजल्यावर काय ऐकू येत नाय गो. लोक काय विकतात तेच कळत नाय." एका पावसाळ्यात त्यांच्या मुलाचा फोन आला. काकी गेल्या होत्या. मला जाता आलं नाही, दरड कोसळून घाट बंद होता. फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

पुढच्या मे महिन्यात मी दुपारी लिहीत बसले होते. लग्नानंतर मी गावातच असते, शिवाजीनगरात. रस्त्यावरून दादूची रिक्षा उतरत आली, इंजिन बंद करून. आणि काकींचा खणखणीत आवाज आला, "उद्या पाणी येणार नाही. आजच भरून ठेवा."

मी उठले. हंडा भरला, कळशी भरली, बादल्या भरल्या. मग पातेली काढली. सासूबाई झोपेतून उठून स्वयंपाकघराच्या दारात आल्या आणि बघत राहिल्या.

"अगो, आपल्याकडे विहीर आहे ना?"

"आहे," मी म्हटलं आणि पुढचं पातेलं नळाखाली लावलं.