देखभालीतला डबा

मुलगी कुरकुर करायची थांबली, तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा नाही. ऐकणारा हसेल. पण आमची नॉर्मल, म्हणजे ही मुलगी, नोकरीला लागल्यापासून दोन वर्षं रोज फोनवर कुरकुरत होती, आणि गेल्या दोन महिन्यांत एकदाही कुरकुरलेली नाही. रोज एकच उत्तर. "ठीक आहे गं आई. आज नव्व्याण्णव."

नॉर्मल हे तिच्या दादानं ठेवलेलं नाव. नऊ वर्षांची होती तेव्हा नेमका सहलीच्या दिवशी तिला ताप आला. मी थर्मामीटर लावून दूध बघायला आत गेले, तेवढ्यात बाईसाहेबांनी तो झटकून पारा खाली उतरवला आणि माझ्यापुढे धरला. "बघ, नॉर्मल." मी कपाळाला हात लावला तर चटका बसला. सहल बुडाली, नाव चिकटलं.

आता ती दूरच्या गावी भाड्याच्या खोलीत राहते आणि एका कंपनीत नेटवर्कची तब्येत बघते. एका मोठ्या हॉस्पिटलचं सगळं जाळं त्यांच्याकडे आहे. तिथं भिंतीभिंतींवर वायरी लावलेले, दिवे लुकलुकणारे चारशे बारा डबे आहेत. एका खोलीतला रिपोर्ट दुसऱ्या खोलीतल्या डॉक्टरपर्यंत पोचतो तो त्यांच्यामधून. दर पाच मिनिटांनी तिचा कॉम्प्युटर प्रत्येक डब्याला चार प्रश्न विचारतो: जागा आहेस का, निरोप किती वेळात पोचवतोस, वाटेत किती सांडतोस, अंगावर ओझं किती आहे. सगळ्यांची उत्तरं मिळून शंभरपैकी एक आकडा निघतो.

"डॉक्टरीणबाई, तुमचे पेशंट बरे," दादा तिला चिडवायचा. "दुखतंय का विचारलं तर खरं सांगतात."

"तेच सांगतात खरं," ती म्हणायची. "अडचण माणसांचीच आहे."

तेव्हा तिचा आकडा कधी एक्क्याण्णव असायचा, कधी शहाऐंशी. उंदरांनी वायर कुरतडली तेव्हा एकोणऐंशीवर आला होता, आणि तासभर मी उंदरांचा उद्धार ऐकला होता. मी पदवीला संख्याशास्त्र घेतलं होतं. पुढं नोकरी केली नाही, पण एवढं डोक्यात राहिलंय की चालत्या गोष्टीचा आकडा हलतो. हा दोन महिने हलेना, तशी मी पिशवी भरली आणि तिच्याकडे गेले.

पहिल्या दिवशी तिचं ऑफिस पाहिलं. तिचे साहेब स्वतः बाहेर आले, खुर्ची दिली. "काकू, तुमची मुलगी म्हणजे सोनं. पूर्वी आकडा नुसत्या उड्या मारायचा. आता नव्या अटीप्रमाणे पंचाण्णवच्या खाली दोनदा गेलो की कंत्राट गेलंच म्हणून समजा. हिनं शिस्त लावली." माणूस गोड बोलणारा, पण मी काही विचारायच्या आतच उत्तर देत होता. नॉर्मल मान खाली घालून कीबोर्डच्या फटीतली धूळ नखानं काढत बसली होती. कौतुक होत असताना इतकी साफसफाई कोणी करत नाही.

तिसऱ्या दिवशी माझी थायरॉइडची तपासणी करायची होती. हॉस्पिटल तिच्या घरापासून दहा मिनिटांवर.

"तिकडं नको," ती म्हणाली. "आपण रिक्षानं दुसरीकडे जाऊ."

"का? तुझंच तर हॉस्पिटल."

"गर्दी असते."

मी हट्टानं तिथंच गेले. गर्दी नव्हती. दुसऱ्या मजल्यावर, रक्ततपासणीच्या खिडकीत एक मुलगी वहीत हातानं नावं लिहीत होती. म्हणाली, "रिपोर्ट चार दिवसांनी."

"उद्या मिळतो असं खाली म्हणाले."

"नेट नाही ना, मावशी. सात आठवडे झाले. एकच शिपाई आहे, सगळे कागद हातानं फिरवतो."

"मग तक्रार नाही का केली?"

"दुरुस्ती चालू आहे, तक्रार करू नका, असा निरोप आलाय."

"दुरुस्तीला येतं कोण?"

"अजून तरी कोणी नाही."

माझ्या शेजारी बाकावर एक पोटुशी बाई बसली होती, तिलाही चार दिवसच सांगितले. मी नॉर्मलला शोधलं, तर ती भिंतीवरच्या डब्याकडे पाठ करून उभी होती. डब्याचा एकही दिवा लागलेला नव्हता. खाली चिठ्ठी चिकटवलेली: नेट बंद दिसल्यास कोणीही या क्रमांकावर कळवावे, चोवीस तास. मी तो क्रमांक पावतीच्या पाठीवर उतरवून घेतला. का, ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

घरी आल्यावर विचारलं, "तो डबा नव्व्याण्णवमध्ये धरलाय का?"

"आई, चहा घे."

"धरलाय का?"

"देखभालीत आहे." मग तिनं सांगितलं. डबा दुरुस्तीसाठी मुद्दाम बंद करायचा असला की तास-दोन तास देखभालीत टाकतात. तेवढा वेळ तो मोजत नाहीत. नियम शहाणपणाचाच आहे. सात आठवड्यांसाठी केलेला नाही, इतकंच.

"असे किती आहेत?"

"एकतीस."

मी मनात हिशेब मांडला. ते एकतीस धरले तर नव्व्याण्णवचे ब्याण्णवसुद्धा धड होत नव्हते.

"टाकले कोणी?"

"साहेब सांगतात."

"आणि बटण कोण दाबतं?"

ती कप विसळत राहिली. धुऊन झालेला कप पुन्हा धुतला. "लॉगिन माझं आहे."

म्हणजे उद्या कोणी खोदून पाहिलं तर एकतीस ठिकाणी तिचं नाव निघणार, साहेबांचं एकदाही नाही.

"बाहेर कसे काढतात ते?"

"दुरुस्ती झाली की. नाहीतर तक्रार आली की. तक्रार नोंदवली की डबा आपोआप मोजणीत येतो, मग साहेबांनासुद्धा आत टाकता येत नाही. म्हणून तर तो निरोप..." ती थांबली. "तू यात पडू नकोस. माझी नोकरी आहे."

फळीवर 'महिन्याची मानकरी' असं कोरलेला एक चषक होता. आल्यापासून मी बघत होते. खोलीत बाकी सगळीकडे धूळ, चषक मात्र लखलखीत. ती घाबरली आहे, की तिला नव्व्याण्णव आवडायला लागलंय, हे मला अजून कळलेलं नाही. माझ्याच पोरीबद्दल असं लिहिताना हात जड होतो, पण संशय जात नाही.

मी घरी परतल्यावर रिपोर्ट आला, गोळी बदलली. माझं काही बिघडलं नाही. त्या बाईचं काय झालं, ठाऊक नाही.

आज संध्याकाळी फोनवर सहज बोलल्यासारखं म्हणाली, "उद्या अकराला हॉस्पिटलचे लोक येणार आहेत. तीन महिन्यांच्या आकड्यांवर माझी सही आहे. ठीक आहे गं सगळं."

या आठवड्यात तिची रात्रपाळी आहे. सकाळी सहापर्यंत ती एकटीच असते, साहेब नऊला येतात. तिच्या मोबाइलवर विचारलं तर ठीक आहे म्हणेल. पण पावतीमागचा क्रमांक तिच्या टेबलावर वाजतो. तिथं घरचा फोन करायचा नाही, अशी मला सक्त ताकीद आहे. "तिथं शिंकलं तरी रेकॉर्ड होतं, आई."

मी घरचं काही बोलणार नाही. तिला हाक मारणार नाही. पावतीचा नंबर सांगेन, दुसरा मजला, रक्ततपासणी, सात आठवडे नेट बंद, रिपोर्ट चार दिवसांनी मिळाला, तक्रार लिहून घ्या. यात एक अक्षर खोटं नाही. माझा आवाज ती पहिल्याच शब्दाला ओळखेल. मग कीबोर्डचा आवाज येईल किंवा येणार नाही. आला, तर तो डबा बाहेर येईल आणि अकरा वाजता उरलेल्या तिसांबद्दल तोंड उघडायला तिला जागा मिळेल. नाही आला, तर माझ्या संशयाचं उत्तर मला मिळेल.

दोन वाजून दहा मिनिटं झाली आहेत. चष्मा पुसून क्रमांक पुन्हा वाचला. लावते.