निबंधावरचं पहिलं नाव

आदिलाबादच्या कॉलेजात मी इंग्रजी शिकवलं. नोकरी संपली तरी पोरांनी पिच्छा सोडला नाही. पीएच.डी. करणारी मुलंमुली रविवारी घरी येत. त्यांचं काम चांगलं असायचं, पण ते एखाद्या नियतकालिकात छापून आणायचं म्हटलं की हातपाय गळायचे. संपादकाला लिहिलेलं पत्र म्हणजे तहसीलदाराकडे केलेली दरख्वास्तच. परीक्षकानं एक शंका काढली की मंडळी माफी मागून मोकळी! मी ओरडायचे, "अरे, चूक त्याची आहे. तसं लिहा की." पण मोठ्याला उलटून बोलायचं नाही हे इथं बाळकडूतच मिळतं, आणि परीक्षक कोण, कुठला हे माहीत नसलं तरी तो मोठाच असणार, असं यांनी धरलेलं असतं.

त्यातलीच ती एक. भीमपूरकडची, पैनगंगेच्या काठच्या गावातली. घरी कापूस आणि ज्वारी. तिचा विषय होता नदीपलीकडून, महाराष्ट्रातून, लग्न होऊन इकडे आलेल्या बायका. माहेरी मिळालेला जातीचा दाखला नदी ओलांडली की चालत नाही, आणि सासरी नवा मिळत नाही. तिची आईही पलीकडचीच. त्यामुळे तिला प्रश्न पुस्तकात शोधावा लागला नव्हता. त्या बायकांना भेटायला ती बासरपासून बेज्जूरपर्यंत बसनं, आटोनं, पायी हिंडली. त्या वेळी तो सगळा मुलूख एकाच जिल्ह्यात होता.

मराठी शाळेत शिकलेल्या, अडखळत तेलुगू बोलणाऱ्या मुलीला विद्यापीठात कोणी मार्गदर्शक मिळेना. शेवटी एका तेलुगू सरांनी घेतलं. त्यांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं. तरी ते हैदराबादहून तिच्या गावी आले, ओट्यावर बसून भाकरी खाल्ली, आणि तिच्या आईला म्हणाले, "अम्मा, ही डॉक्टर होणार." बाप इतका हरखला की त्यानं गावभर सांगितलं, आणि आठवडाभर लोक तिच्याकडे तापाची गोळी मागायला येत होते.

विद्यापीठाचा नियम सरळ होता. प्रबंध जमा करण्याआधी एक निबंध छापून आलेला हवा, आणि त्यावर पहिलं नाव विद्यार्थ्याचं हवं. नाहीतर प्रबंध घेणार नाहीत. मुदत पुरेशी होती. निबंधाचं इंग्रजी मी तपासून दिलं, आम्ही तो पाठवला आणि मध्येच जिल्ह्याचे चार तुकडे झाले. परीक्षकांनी विचारलं, तुमच्या नकाशातला हा जिल्हा आहे कुठे? बासर एका जिल्ह्यात, बेज्जूर दुसऱ्यात, भीमपूर तिसऱ्यात. नकाशे पुन्हा, तक्ते पुन्हा, मांडणी पुन्हा. सरकारनं एका आदेशात जे केलं ते निस्तरता निस्तरता तिची मुदत सरत आली. त्याच काळात सरांच्या किडन्या गेल्या. दवाखान्याच्या खाटेवरूनही ते तिला मजकूर मोठ्यानं वाचायला लावत.

निबंध नव्यानं दाखल करायची वेळ आली तेव्हा मी तिला बजावलं, "पहिलं नाव तुझं." तिनं मान हलवली. परीक्षकांना लेखक कळू नये म्हणून मजकुरावर नावं नसतात, ती वेगळी भरायची असतात. ती तिनं इंटरनेटच्या दुकानात बसून भरली.

निबंध छापून आला तेव्हा सरांना जाऊन पंधरवडा झाला होता. ती पेढे घेऊन आली. डोळे सुजलेले, तरी चेहरा उजळलेला. मी पान उघडलं. सर्वांत वर सरांचं नाव. त्याखाली, मला काही न विचारता, माझं. सर्वांत शेवटी तिचं.

मी पेढा खाली ठेवला. "काऊन केलं गं असं?"

"मॅडम, लग्नपत्रिकेत घरातल्या मोठ्याचं नाव पयले टाकतात ना? मंग मी सरांच्या वरते कशी बसू? अन् तुमाले तरी खालते कशी बसवू?"

"ही काय लग्नपत्रिका आहे? अगं, नियम!"

"नियम मले मालूम हाये. म्या म्हनलं, छापून आलं का सरच युनिवर्सिटीत सांगतीन, काम पोरीचंच हाये म्हनून. सर हायेत ना, असंच वाटे." एवढं बोलून ती रडायला लागली. माझा राग कुठे ठेवावा ते मला कळेना.

मी संपादकांना लिहिलं, अजीजी न करता. उत्तर आलं की क्रम बदलता येईल, पण सगळ्या लेखकांच्या सह्या लागतील. जे हयात नाहीत त्यांच्या वतीनं घरच्यांची सही चालेल. म्हणजे वाट होती. सरांच्या पत्नी नाही म्हणणार नाहीत, याची मला खात्री होती. संमतीचा कागद पर्समध्ये घालून मी तिला हैदराबादला घेऊन गेले.

सरांच्या फोटोला हार होता. फोटोखाली पाटावर तो निबंध ठेवला होता. तिनंच टपालानं पाठवला होता. पहिल्या नावावर हळदकुंकू वाहिलेलं. बाईंनी आम्हांला चहा दिला आणि त्या हिंदीत म्हणाल्या, "इन्होंने देखा नहीं. लेकिन नाम तो पहला है ना?"

मी पर्सची चेन उघडली. तिनं माझं मनगट धरलं. इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. मी तिच्याकडे पाहिलं, तिनं मान नाही म्हणून हलवली. बाईंनी विचारलं, कशासाठी आलात? ती म्हणाली, "बस, आप को मिलने." आम्ही चहा प्यालो, फोटोला नमस्कार केला आणि निघालो.

बसस्टँडवर मी तिला नाही नाही ते बोलले. तुझ्या बापानं कापूस वेचून तुला शिकवलं ते यासाठी? सरांना तरी हे आवडलं असतं का? ती म्हणाली, "मॅडम, कुंकू पुसाले मी कशी सांगू त्याईले?"

दुसरा निबंध लिहून छापायला वेळच उरला नव्हता. विद्यापीठात आम्ही हातापाया पडलो, सरांचे जुने सहकारी बोलले. कारकुनानं फाईल मिटून सांगितलं, मियाद खतम. नोंदणी रद्द झाली. ती आता आदिलाबादच्या एका खाजगी शाळेत समाजशास्त्र शिकवते. तिचा बाप मला बाजारात भेटला की अजून विचारतो, "मॅडम, पोरीचा निकाल कवा लागते?" मी काहीतरी पुटपुटते आणि पुढे जाते. त्या दिवशी मला घरी येऊन भाजीची पिशवी उघडायचंही सुचत नाही.

माझ्याकडे पोरं अजून येतात. मध्यंतरी यवतमाळची एक मुलगी तिचा मसुदा घेऊन आली. तिचा सगळा पाया आमच्या त्या निबंधावर उभा होता, पानोपानी त्याचाच दाखला. मला राहवलं नाही. तिला बसवून ठेवलं आणि आत जाऊन फोन लावला. "अगं, तुझं काम वाचलं जातंय. तुझ्या त्या बायकांसाठी आता दुसरी मुलगी लढतेय."

पलीकडून शाळेतल्या पोरांचा गलका ऐकू येत होता. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं विचारलं, "मॅडम, त्यात माहं नाव हाये का?"

मला खोटं बोलता येत नाही, त्या दिवशी यायला हवं होतं. "नाही गं. लेखक तिघं असले की दाखला देताना फक्त पहिलं नाव लिहितात. सरांचं आहे, आणि पुढे 'व इतर'."

"मंग हाये ना, मॅडम," ती म्हणाली. "इतरमंदी आपुन दोघीच तं हावो."