रांगेतली शेवटची सायकल

पडदा वर जातो. उजव्या हाताला वाचनालयाची बंद खिडकी, डाव्या हाताला पाण्याचा नळ, मध्ये फरशीचं अंगण आणि भिंतीला टेकून उभ्या सायकली. नुकतं उजाडायला लागलंय. कोणी चाकात हवा भरतंय, कोणी बाटल्या. आणि पायरीवर बसलेले एक सडपातळ गृहस्थ, पँटचा पायचा साखळीत अडकू नये म्हणून त्याला कपडे वाळत घालायचा चिमटा लावताहेत. चेहरा असा गंभीर, की जणू पायाचं ऑपरेशनच चाललंय.

हे माझे धाकटे दीर. आमच्या नाटक मंडळीत त्यांना सगळे ‘कुजबुज’ म्हणायचे. ते आमचे प्रॉम्प्टर होते. विंगेत एका स्टुलावर, मांडीवर संहिता घेऊन बसायचे. मी तिसऱ्या अंकात वाक्य विसरले, की माझा श्वास संपायच्या आत ते वाक्य माझ्या कानात पडलेलं असे, आणि पहिल्या रांगेतल्या माणसाला त्याचा पत्ता नसे. टाळ्या मला, वर्तमानपत्रात फोटो माझा. त्यांचा एकही फोटो नाही. एक आहे म्हणा, पण त्यात विंगेच्या कापडाखालून फक्त त्यांच्या चपला दिसतात.

मंडळी बंद पडली आणि त्यांना वाचनालयात नोकरी लागली. जन्मभर हळू बोललेल्या माणसाला नोकरीही अशी मिळाली, की जिथे हळू बोलायचाच पगार. रोज सायकलवरून जायचे, सायकलवरून यायचे. कित्येक वर्षांत त्यांनी घंटी वाजवल्याचं कोणाला आठवत नाही. पुढे कोणी चालत असलं तर ते मागे उतरून उभे राहत.

त्याच वाचनालयात शाळेच्या खेळाच्या बाई पेपर वाचायला येत. गावात त्यांना सगळे कप्तानबाई म्हणतात. दर उन्हाळ्यात त्या पंधरावीस जणांना घेऊन सायकलने समुद्रापर्यंत जातात, चार दिवसांचा रस्ता. एवढ्या उन्हात का, तर शाळेला सुट्टी तेव्हाच, आणि उन्हात निघाला तोच खरा, असं त्यांचं मत. यंदा त्या नावं विचारत असताना माझे दीर काउंटरमागून म्हणाले, “मीही येतो.” बाईंना तीनदा विचारावं लागलं, तेव्हा ऐकू गेलं.

घरी आल्यावर मी म्हटलं, “भाऊजी, साठी उलटली की माणसं सकाळी बागेत फिरतात. तुम्हाला हे काय सुचलं?”

“वहिनी,” ते म्हणाले, “मला एकदा रांगेत दिसायचंय. मधोमध. पुढेही माणूस, मागेही माणूस.”

मग मीही निघाले. सायकलवर नव्हे हो, टेम्पोत. ताफ्याच्या मागून एक टेम्पो चालतो, त्यात पाण्याचे ड्रम, पंक्चरचं सामान आणि दमलेल्यांसाठी गादी. लिंबू, मीठ, साखरेचं पाणी ढवळायचं काम मी मागून घेतलं.

आता या मंडळींचा एक नियम सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं. सायकली एकामागे एक चालतात. मागच्याला पुढचा रस्ता दिसत नाही, समोरच्याची पाठच दिसते. म्हणून सर्वांत पुढे असलेल्या कप्तानबाई जे बघतील ते ओरडून सांगतात: खड्डा उजवीकडे, खडी, कुत्रं. तेच दुसऱ्याने ओरडायचं, मग तिसऱ्याने, असं अगदी टोकापर्यंत. शब्द मध्ये खाली पडू द्यायचा नाही.

भाऊजींना चौथी जागा मिळाली. त्यांच्या मागे गावातला प्लंबर. आडदांड माणूस, तोंडाने फटकळ, मनाने लोणी. पहिल्या दिवशी गाव सोडून तासभरही झाला नसेल, पुढून आलं, “खड्डा डावीकडे.” दुसऱ्याने सांगितलं, तिसऱ्याने सांगितलं. भाऊजींनीही सांगितलं. अगदी स्पष्ट उच्चारात, दोन शब्दांमध्ये नेमका विराम घेऊन. फक्त, विंगेतून सांगतात तसं. प्लंबर सायकलसकट खड्ड्यात, त्याच्यावर त्याच्या मागची बाई, आणि तिच्यामागे दोघे रस्ता सोडून झुडपात.

“काका, खड्डा आहे म्हणून सांगायचं नाही का?” प्लंबर गुडघा झटकत म्हणाला.

“सांगितलं की.”

“कोणाला? खड्ड्याला?”

सगळे हसले. दुसऱ्यांदा प्लंबर पडला तेव्हा कोणी हसलं नाही.

संध्याकाळी मुक्काम एका शाळेत होता. वर्गातले बाक भिंतीला सरकवून सतरंज्या अंथरल्या होत्या. फळ्यावर कोणाची तरी अर्धवट पुसलेली बेरीज. प्लंबरच्या गुडघ्याला मी औषध लावत होते, तेव्हा कप्तानबाई आल्या. शाळेत पोरांना झापणारा आवाज त्यांनी मुद्दाम खाली आणला होता.

“काका, उद्यापासून तुम्ही सगळ्यात शेवटी या. तिथे तुमच्या मागे कोणी नाही. कोणाला काही सांगायचा प्रश्नच नाही.”

“बरं,” भाऊजी म्हणाले. त्यांनी सतरंजीची सुरकुती नीट केली, आणखी एक नीट केली, आणि उठून पटांगणात गेले. मी मागोमाग.

“वहिनी, शेवटी म्हणजे परत विंगेतच की हो.”

मी म्हटलं, “मग आवाज काढा. उभे राहा ताठ. पोटातून. ते पलीकडे झाड दिसतंय, त्याच्याखाली एक ठार बहिरी आजी बसलीय असं समजा. तिला सांगा, खड्डा आहे.”

त्यांनी छाती भरून श्वास घेतला. मानेच्या शिरा फुगल्या. चेहरा लाल झाला. आणि बाहेर आलं, “खड्डा.” इतकं हळू आणि इतकं सुंदर, की त्या आजीने शेजारीच बसायला हवं होतं.

मला राहवेना. मी चांगलं भाषण ठोकायला घेतलं. “भाऊजी, आवाज म्हणजे माणसाचं...” आणि मध्येच अडकले. वय झालं.

“हत्यार,” त्यांनी पुटपुटून पुरवलं.

मग दोघेही खूप हसलो. हसणं ओसरल्यावर ते म्हणाले, “एकदा माझा आवाज प्रेक्षकांत गेला होता. तुम्ही राणी झाला होतात, रडत होतात, आणि मागून तुमचं वाक्य माझ्या तोंडून आलं. सगळं थिएटर हसलं. दादा मला काही बोलला नाही. नुसता बघत राहिला. तेव्हापासून गळ्याला आतून कडी लावलीय. आता माझी मलाच निघत नाही.”

दादा म्हणजे माझे यजमान. त्यांचं ते बघणं मला ठाऊक होतं.

दुसरा दिवस ते शेवटी चालले. त्यांच्या पाठीला आमचा टेम्पो. मी काचेतून बघत होते. ती पाठ, घामाने भिजलेली, वाळली की मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटलेली. ते पाय मारत राहिले. एकदाही टेम्पोकडे वळून बघितलं नाही, गादीचं नाव काढलं नाही. दोन तरणेताठे मात्र दुपारी गादीवर आडवे होते. ड्रायव्हर म्हणाला, “आजी, तुमचे दीर काही बोलत नाहीत, पण थांबतही नाहीत.” मी म्हटलं, “आमच्या घराण्याचं नाव आहे बाबा.” घराणं कसलं, पण म्हटलं.

तिसऱ्या दिवशी ऊन असं होतं, की गळ्याला ओला पंचा गुंडाळावा तर गाठ मारेपर्यंत सुकलेला. डांबर मऊ झालं होतं, चाकं चिकटल्याचा चुरचुर आवाज येत होता. समोरून गरम वारा. चढ संपता संपता पाण्याचे ड्रम खडखडले. कप्तानबाईंनी टेम्पो थांबवला. “तुम्ही पुढे जा, उतार संपला की गाव आहे, तिथे भरून घ्या. आम्ही आलोच.”

आम्ही गेलो, पाणी भरलं, आणि उताराच्या पायथ्याशी सावली बघून थांबलो. तिथून वरचा सगळा रस्ता दिसत होता. सायकली उतरायला लागल्या. सकाळपासून चढ चढून पिचलेली माणसं ती. उतार मिळाल्यावर कसली रांग आणि कसलं काय. कोणी दोघे शेजारी, कोणी तिघे, प्लंबर तर रस्त्याच्या मधोमध हात पसरून. सर्वांत मागे, सुटे, एकटे, आमचे भाऊजी.

आणि त्यांच्यामागे वळणावरून एक ट्रक आला. लांबलचक लोखंडी पाइप लादलेला. दोर सैल होऊन पाइपांचा भारा एका बाजूने बाहेर लोंबत होता, काठी फिरवावी तसा. उतारावर इंजिन बंद करून सोडला होता की काय कोण जाणे, आवाज नाही. हॉर्न वाजवला असेलही, पण वारा समोरून. पुढच्यांना मागचं काही ऐकू येणं शक्यच नव्हतं. मी टेम्पोच्या दाराला धरून उभी राहिले. जिने थिएटरं गाजवली, तिला ओरडणं सुचेना.

तेवढ्यात आवाज आला.

“डावीकडे व्हा. मागून ट्रक. सगळे डावीकडे.”

वाऱ्याच्या उलट, अख्खा उतार ओलांडून, आमच्या टेम्पोपर्यंत. मी तो आवाज आयुष्यात ऐकला नव्हता, तरी ओळखला. शब्द न् शब्द सुटा, अक्षर खाल्लेलं नाही. प्लंबरने हात आवरले आणि पुढच्याला ओरडून सांगितलं. त्याने त्याच्या पुढच्याला. शब्द खालपर्यंत घरंगळत आला आणि त्याच्याबरोबर सगळ्या सायकली, एका हाताने ओढल्यासारख्या, रस्त्याच्या कडेला. ट्रक गेला. पाइपांचं टोक जिथून गेलं, तिथे क्षणापूर्वी प्लंबरचं डोकं होतं.

खाली आल्यावर तो सायकल टाकून मातीतच बसला. “आयुष्यभर पाइप जोडले,” तो म्हणाला, “आणि पाइपांनीच नेलं असतं.” मग भाऊजींकडे बघून, “काका, एवढा आवाज होता, तर माझे गुडघे का फोडलेत?”

“तेव्हा निघाला नाही,” भाऊजी म्हणाले. आवाज घोगरा झाला होता. मी ग्लास पुढे केला. अर्धं पाणी दोघांच्या पायांवर.

कप्तानबाई सायकल स्टँडला लावून आल्या. हेल्मेट काढलं. “चूक माझी आहे,” त्या म्हणाल्या. “पुढचं पहिल्याने सांगायचं आणि मागचं शेवटच्याने, हा नियम मीच केलेला. मागे कायम टेम्पो असायचा, म्हणून शेवटच्याला कधी तोंड उघडावंच लागलं नाही. मी ती जागा मुक्या माणसाची समजले.” थोडं थांबून म्हणाल्या, “उद्या समुद्र. तुम्ही मधे या काका. तुमची चौथी जागा.”

सगळे त्यांच्याकडे बघत होते. एवढी माणसं एकाच वेळी त्यांच्याकडे बघताहेत, हे मी पहिल्यांदा पाहिलं. आणि खरं सांगते, मला मिळालेल्या कुठल्याही टाळीने माझी मान तेवढी ताठ झाली नव्हती. ज्या माणसाच्या शब्दांवर मी उभी राहिले, तो आज स्वतःच्या शब्दावर उभा होता, भर उन्हात, पायात कपड्यांचा चिमटा लावून.

भाऊजींनी ग्लास रिकामा केला, मला परत दिला, शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. सायकल वळवून रांगेच्या टोकाला नेली, आणि तिथून, सगळ्यांना नीट ऐकू जाईल असं म्हणाले, “वहिनींचा टेम्पो पुढे जाऊ द्या. मागे मी आहे.”